‘मल्टीगॅस’ पेटी: पडद्यापेक्षा कच्ची नोंद भरवशाची

जागृत ज्वालामुखीच्या विवराकाठी वायू मोजणाऱ्या पेट्यांना या क्षेत्रात ‘मल्टीगॅस’ म्हणतात. आम्ही वापरतो ती पेटी पंपाने हवा ओढून सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या सेन्सरांवरून फिरवते आणि दर सेकंदाला नोंद साठवते.

तिचे मुख्य काम कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांचे गुणोत्तर काढण्याचे. वर चढणाऱ्या शिलारसातून कार्बन डायऑक्साइड खोलवरच सुटू लागतो, सल्फर मात्र बहुतांशी पृष्ठभागाजवळ आल्यावर. म्हणून गुणोत्तर वाढत गेले, तर खालून नवा शिलारस येत असल्याची शंका घ्यावी लागते. मार्च २००७ मध्ये इटलीतल्या स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीच्या मोठ्या स्फोटाआधी अशी वाढ नोंदली गेली होती.

पडद्यावरच्या गुणोत्तरावर मात्र विसंबू नये. धुराचा झोत आला की कार्बनचा आकडा लगेच उसळतो, तर सल्फरचा सेन्सर रेंगाळत चढतो आणि रेंगाळतच उतरतो. पेटी क्षणोक्षणीच्या आकड्यांचा सरळ भागाकार करत असल्याने झोताच्या आरंभी गुणोत्तर उगाच फुगते आणि शेवटी कोसळते. कच्ची नोंद संगणकावर घेऊन, हवेत मुळातच असलेला सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) कार्बन डायऑक्साइड वजा करून, दोन्ही आलेखांखालची क्षेत्रफळे ताडून पाहिली की हिशेब ताळ्यावर येतो. माहितीपुस्तिकेने हे एका ओळीत उरकले आहे, हे खटकते. हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर सल्फर डायऑक्साइडलाही दाद देतो, ती दुरुस्तीही आपणच करायची.

दिवसाला किती टन वायू बाहेर पडतो, हे ही पेटी सांगू शकत नाही. त्यासाठी धुराच्या लोटाचा अतिनील वर्णपट मोजून त्याला वाऱ्याच्या वेगाची जोड द्यावी लागते. फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीवर मे १९९१ मध्ये अशा मोजणीत सल्फर डायऑक्साइड दोन आठवड्यांत रोज सुमारे ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला, जूनच्या सुरुवातीला तो घसरला आणि १५ जूनला महास्फोट झाला. तेव्हा घसरता आकडाही दिलासा मानता येत नाही.

बांधणीबद्दल तक्रार नाही. फिल्टर बाहेरच्या बाजूस असल्याने जाड हातमोजे घालूनही बदलता येतो. खरेदी करताना प्रमाणित वायूंचे सिलिंडर सोबतच मागवावेत. आम्लधर्मी वाफांनी सेन्सर हळूहळू मंदावतात आणि सिलिंडरांतल्या वायूंवर तपासून पाहिल्यावाचून ते लक्षातही येत नाही.