नऊ वर्षं, १,३८,००० किमी आणि मधोमध बसलेला तो काटा

गेल्या महिन्यात गाडी पहिल्यांदा रस्त्यात बंद पडली. मागे आई, बाहेर रणरणतं ऊन आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. नऊ वर्षांत ही वेळ कधी आली नव्हती म्हणून फार लागलं मनाला.

स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडते. मागची जागा, डिकी, हायवेवरची बैठक, यात आजही खोट नाही. आईचे गुडघे दुखतात तरी सहा तासांच्या प्रवासानंतर ती आपली आपण उतरते. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड एकदा बदलले, बॅटरी दोनदा. गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे म्हणाले होते, तरी ७०,००० ला हट्टाने बदलून घेतलं, काढलेलं ऑइल काळं निघालं आणि त्यानंतर गिअर जास्त मऊ पडायला लागले.

माझा राग आहे तो टेंपरेचरच्या काट्यावर. नऊ वर्षं हा काटा बरोब्बर मधोमध, आणि मी समजत होते की इंजिन एकदम ठणठणीत आहे. आता ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघितलं तर ८० डिग्रीला काटा मध्यावर आणि चढावर १०८ झालं तरी तिथेच, केसभरही हलला नाही! लोक उगाच घाबरून गाडी सर्व्हिसला आणतात म्हणून बऱ्याच कंपन्या तो मुद्दाम असा बसवतात. पण मग काटा द्यायचाच कशाला, नुसता लाल दिवा द्या ना.

त्या दिवशी आधी एसीतून गरम हवा यायला लागली, मला वाटलं गॅस गेला. (इंजिन तापलं की गाडी स्वतःच एसीचा कंप्रेसर बंद करते, हे नंतर कळलं.) मग काटा एकदम लाल, आणि मी बाजूला घेईपर्यंत परत खाली! हुश्श म्हणून तशीच पुढे दोन किमी नेली आणि तिथे बंद पडली. खरं म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं लिक्विड) इतकं उतरलं होतं की सेन्सर कोरडा पडला होता, म्हणून काटा खाली आला.

सर्व्हिस सेंटरने न उघडताच सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल, रेडिएटरही नवीन. कोणती टेस्ट केली विचारलं तर उत्तर नाही. त्या रात्री मी गाडी विकायचीच ठरवली होती, या लेखाचं शीर्षकही 'घेऊ नका' असंच ठेवणार होते.

मग टो करून ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने रेडिएटरच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावला, पंप मारला आणि म्हणाला, ताई, आता फक्त बघा. दहा मिनिटांत थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह उघडणारी-बंद करणारी झडप) प्लास्टिक हाउसिंगच्या जोडावर थेंब दिसला, आजूबाजूला वाळलेल्या गुलाबी कूलंटची खपली. मग कूलंटच्या वाफेवर निळ्या लिक्विडची टेस्ट केली, गॅस्केट फुटून इंजिनातला धूर कूलंटमध्ये आला असता तर ते पिवळं झालं असतं, ते निळंच राहिलं. हेड शाबूत. एस्टिमेटच्या विसाव्या हिश्शात काम झालं.

घरी येऊन जुनी बिलं काढली. शेवटच्या तीन सर्व्हिसला 'कूलंट टॉपअप' लिहिलेलं! बंद सिस्टिममधलं कूलंट उगाच कमी होत नाही, ते कुठे जातंय हे त्यांनी बघायला हवं होतं आणि मी विचारायला हवं होतं. वरून नुसतं पाणी ओतलं की मिश्रण पातळ होतं, उकळायचा पॉइंट खाली येतो, गंज वेगळाच.

त्यामुळे मत बदललं, गाडी ठेवतेय. इंजिन आजही थंडीत पहिल्या सेल्फला चालू होतं, हाउसिंग मात्र मेटलचं द्यायला हवं होतं, एवढ्या मोठ्या गाडीत तिथे काय वाचवलं कंपनीने? अशी जुनी गाडी वापरत असाल तर सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीवर पेनने लेव्हलची खूण करा आणि महिन्याने बघा. खुणेच्या खाली गेली तर टॉपअप करून सोडू नका, प्रेशर टेस्ट मागा.

स्कॅनर आता लावलेलाच असतो. काल भर ट्रॅफिकमध्ये ९६ होतं, फॅन लागला की ९२. पुढच्या आठवड्यात वॉटर पंप बघायला देतेय, तोही नऊ वर्षांचाच आहे.