पॅरिस ते लियों: इनुई की वीगो?

इनुई आणि वीगो या दोन्ही अतिवेगवान गाड्या (टीजीव्ही) फ्रान्सच्या सरकारी रेल्वेच्या, म्हणजे एसएनसीएफच्याच. रूळ तेच, वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपासचा. पॅरिस ते लियों दोन तास, पॅरिस ते मार्से साधारण सव्वातीन तास. त्यामुळे टीजीव्ही इनुई आणि स्वस्तातली वीगो यांत वेगावरून निवड करायचा प्रश्नच येत नाही. फरक पडतो तो तिकिटाच्या किमतीत काय काय धरलंय आणि कशाचे पैसे वेगळे मोजायचे यात.

आधी एक खबरदारी. वीगोच्याच नावाने 'ट्रेन क्लासिक' अशाही गाड्या 2022 पासून धावतात. त्या जुन्या डब्यांच्या आहेत आणि जुन्या मार्गाने जातात. शोधयादीत पॅरिस ते लियों पाच तासांच्या आसपास दिसलं आणि निघण्याचं स्टेशन पॅरिसमधलं बेर्सी असेल, तर ती हीच गाडी. दर पाहून हुरळून तिचं तिकीट काढलं जातं आणि पुढचा सगळा दिवस हातचा जातो. वेळ भरपूर असेल, वाटेत दिजोंला उतरायचं असेल, तर ती वाईट नाही. पण खाली ज्या तुलनेबद्दल लिहितो आहे, त्यात ती येत नाही.

आता मुख्य मुद्दा: सामान. भारतातून येणाऱ्याच्या बाबतीत माझ्या मते निर्णय इथेच होतो.

वीगोच्या साध्या तिकिटात दोनच गोष्टी बसतात: एक छोटी हातपिशवी आणि 55 × 35 × 25 सेंटिमीटरची एक केबिन बॅग. त्याहून मोठी प्रत्येक बॅग जादा. मोजमाप चाकं आणि हँडल धरून असतं. आपल्याकडे केबिन म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्रॉलीची उंची बरोबर 55 असते, पण रुंदी बऱ्याचदा 35 च्या पुढे सरकते. म्हणून घरून निघण्याआधी टेप लावून बघा. विमानात चेक-इन करायची 75-78 सेंटिमीटरची बॅग इथे सरळ 'मोठी' ठरते, आणि 65-68 ची 'मीडियम'सुद्धा. तिकीट काढतानाच ती जोडली तर बॅगेमागे थोडेच युरो पडतात. न जोडता फलाटावर गेलात आणि अडवलं गेलं, तर त्याच्या कित्येक पट. दर वेळी बॅग मोजतातच असं नाही, पण वीगोचं तिकीट गाडीत चढण्याआधीच तपासलं जातं आणि तपासनीसाची नजर तिकिटाबरोबर बॅगेवरही जाते. त्या रांगेत उभं राहून 'आपली बॅग चालेल ना' या काळजीत घालवलेली दहा मिनिटं मला तरी प्रवासाची चांगली सुरुवात वाटत नाही.

हा कडकपणा उगाच नाही. वीगोसाठी दुमजली टीजीव्हीतला फर्स्ट क्लास आणि बारचा डबा काढून टाकले आणि तेवढ्याच लांबीच्या गाडीत 634 जागा बसवल्या. नेहमीच्या दुमजली गाडीत त्या 510 च्या आसपास असतात. म्हणजे गाडी तेवढीच, माणसं सव्वापट, आणि सामानाच्या मांडणीला जागा कमी. सगळ्यांनी 78 सेंटिमीटरच्या बॅगा आणल्या तर त्या ठेवायला जागाच उरणार नाही.

इनुईवर 2024 पासून मर्यादा आहे, पण ती माणसाला पेलणारी आहे: 70 × 90 × 50 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातपिशवी. आपली सगळ्यात मोठी बॅगही यात बसते. बॅगेवर नावाचं लेबल हवं, ते बंधनकारक आहे. कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने लावलंत तरी काम होतं.

सामानाचा दुसरा त्रास जिना. पॅरिस ते लियों आणि मार्सेच्या मार्गावर इनुईसुद्धा बहुतेक दुमजलीच असते, त्यामुळे हा त्रास दोन्हीकडे आहे. दारातून आत शिरलं की आपण खालच्या मजल्यावर असतो. वर जायचा जिना अरुंद आणि वळणाचा, 23 किलोची बॅग घेऊन चढायला अवघड. मागे चढणाऱ्यांची रांग, पुढे उतरणारा कुणीतरी. फरक असा की इनुईचं तिकीट काढताना खालचा की वरचा मजला, खिडकी की आतली जागा, हे जादा पैसे न देता सांगता येतं. वीगोत जागा निवडायचे पैसे पडतात. नाही निवडली तर जी मिळेल ती. सोबत आईवडील असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर खालचा मजलाच मागा. त्यात एकच अडचण: एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची वाट वरच्या मजल्यावरून आहे. खाली बसलेल्याला बारपर्यंत जायचं तर जिना चढावाच लागतो. वीगोत बारच नाही, त्यामुळे खाण्याची आणि पाण्याची सोय घरून किंवा स्टेशनातून करायची. शाकाहारी असाल तर दोन्ही गाड्यांत डबा बरोबर असलेलाच बरा; इनुईच्या सेकंड क्लासमध्येही शताब्दीसारखं जागेवर जेवण येत नाही.

स्टेशनाचं नाव दोनदा वाचा. वीगो 2013 साली सुरू झाली ती पॅरिस शहरातून नव्हे, डिस्नेलँडजवळच्या मार्न-ला-व्हाले स्टेशनातून. आता ती गार द लियों, मोंपार्नास अशा पॅरिसमधल्या मोठ्या स्टेशनांतूनही सुटते, पण काही फेऱ्या अजून मार्न-ला-व्हालेहूनच आहेत. शहराच्या मध्यातून तिथे आरईआर-ए या उपनगरी लाइनने 40 मिनिटं लागतात, आणि बॅगा घेऊन गर्दीच्या वेळी ती 40 मिनिटं लांबच वाटतात. लियोंच्या टोकालाही तसंच. 'पार-दिय' म्हणजे शहर, 'सेंत-एक्झुपेरी' म्हणजे विमानतळ. तिथून शहरात यायला रोनएक्सप्रेस ट्रामने अर्धा तास जातो आणि माणशी पंधरा युरोंच्या वर खर्च येतो. हे मिळवलं की वीगोने वाचवलेले पैसे बहुतेक तिथेच संपतात. उलटी बाजूही सांगायला हवी: मुंबईहून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरून थेट दक्षिणेकडे निघायचं असेल, तर टर्मिनल 2 मध्येच टीजीव्हीचं स्टेशन आहे. तिथून सोयीची वीगो मिळाली तर पॅरिस शहरात शिरण्याची गरजच राहत नाही. तिथे मी वीगोच्या बाजूने विचार करेन, मोठ्या बॅगेचे पैसे आधीच भरून.

वेळेचंही गणित थोडं वेगळं. वीगोसाठी अर्धा तास आधी पोहोचायचं धरा. इनुईची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, फलाट मात्र साधारण 20 मिनिटं आधीच जाहीर होतो. गार द लियोंमध्ये एका भागातल्या फलाटांना अक्षरं आहेत, दुसऱ्या भागातल्या फलाटांना आकडे. चुकीच्या भागात उभे राहिलात तर चालण्यात पाच-सात मिनिटं जातात. शिवाय दोन गाड्या जोडून सोडलेल्या असू शकतात, डबे 1 ते 8 आणि 11 ते 18. मधून एकीतून दुसरीत जाता येत नाही, आणि कधी कधी दोन्ही वेगळ्या गावांना जातात. डब्याचा आकडा बघूनच चढा. मोठ्या बॅगांसह हे सगळं करायला माझ्या अनुभवात 20 मिनिटं जेमतेम पुरतात.

मग व्हिसा. ही गोष्ट फ्रेंच माणसाला सुचणार नाही, आपल्याला सुचायला हवी. शेंगेन व्हिसा हातात येण्याआधी गाडीचं तिकीट काढावं की नाही, हा प्रश्न असतोच, कारण जसजसा दिवस जवळ येतो तसं तिकीट महागतं. इनुईचं साधं तिकीट प्रवासाच्या सात दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता किंवा बदलता येतं. वीगोच्या साध्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. बदल होतो, पण शुल्क आणि दरातला फरक भरून. व्हिसा यायचा असताना मी तरी इनुईच काढायला सांगेन. पैसे भरताना भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेले असावेत आणि ओटीपी येणारं सिम चालू असावं, नाहीतर दर समोर दिसतो पण तिकीट निघत नाही.

वीगो ज्यांना खरंच परवडते ते वेगळे. पाठीवर एक सॅक, शनिवार-रविवारची फेरी, तारीख पक्की, असा प्रवासी वीगोने जावा. तिथे इनुईला जादा पैसे देण्याचं कारण मला दिसत नाही. 12 वर्षांखालच्या मुलांचं वीगोचं तिकीट ठरावीक आणि स्वस्त असतं, त्यामुळे दोन लहान मुलं आणि थोडं सामान असलेल्या कुटुंबाचा हिशेब तिच्या बाजूने झुकू शकतो. मात्र फ्रान्समध्ये शिकणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी: 12 ते 27 वयोगटासाठीचं 49 युरोंचं वार्षिक आव्हांताज कार्ड इनुईवर 30 टक्के सूट देतं, वीगोवर नाही. वर्षातून चार-पाच फेऱ्या असतील तर कार्डाचे पैसे सहसा सुटतात. युरोपभरच्या गाड्यांसाठीचा युरेल पास असेल तर प्रश्नच मिटतो, कारण वीगोत तो चालत नाही. इनुईत चालतो, पण जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावं लागतं आणि पासवाल्यांसाठीच्या जागा मर्यादित असतात, म्हणून तेही लवकर करा.

किमतीचा खरा फरक काढायचा तर असं करा. समजा चौघं, मोठ्या बॅगा तीन, वीगो माणशी 25 युरो आणि इनुई 39. वीगोचे 100, इनुईचे 156. आता वीगोत तीन बॅगांचे, चार जागा एकत्र आणि खालच्या मजल्यावर मिळवण्याचे, आणि गाडी मार्न-ला-व्हालेहून असेल तर तिथवर पोहोचण्याचे पैसे मिळवा. 56 युरोंचा फरक बराच खाली येतो. शून्यावर येत नाही, हे मान्य. उरलेल्या रकमेत तारीख बदलायची मोकळीक मिळते, आणि बॅगेकडे कुणी बोट दाखवेल ही काळजी जाते. मला ती रक्कम जास्त वाटत नाही.

आणखी एक पर्याय बघून ठेवा: इटलीची फ्रेच्चारोसा ही अतिवेगवान गाडी डिसेंबर 2021 पासून पॅरिस ते लियों धावते. फेऱ्या थोड्या आहेत, पण एकमजली आहे, म्हणजे बॅग घेऊन जिना नाही. इनुईचे दर चढलेले दिसले तर त्याच तारखेचा तिचा दर पाहा, मग वीगोकडे वळा.