स्वित्झर्लंडची ई-विन्येट: सोपी, पण नंबर नीट टाका

मिलान किंवा म्युनिकहून भाड्याची गाडी घेऊन स्वित्झर्लंडमध्ये शिरताय? मोटरवेसाठी विन्येट, म्हणजे रस्ता वापरण्याचा पास, लागतेच. काचेवर चिकटवायच्या स्टिकरला 2023 पासून ई-विन्येट हा ऑनलाइन पर्याय आलाय आणि तो झकास आहे. स्विस कस्टम्सच्या साइटवर खातं उघडावं लागत नाही. गाडीचा प्रकार, नोंदणीचा देश, नंबर, कार्ड, झालं काम. किंमत 40 फ्रँक.

खटकतं ते एवढंच की मिळते फक्त वार्षिक. शेजारच्या ऑस्ट्रियात दहा दिवसांची मिळते, इथे दोन दिवसांनाही पूर्ण 40.

ई-विन्येट नंबरप्लेटला बांधलेली असते, म्हणून गाडी हातात येण्याआधी घेऊ नका. ऐनवेळी काउंटरवर दुसरी गाडी दिली की पैसे वाया. गाडीचा नंबर प्लेटवर बघूनच टाका. ओ आणि शून्यात हमखास गल्लत होते. विन्येट नसेल तर दंड 200 फ्रँक, वर विन्येटचे 40 वेगळे. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या दलालांच्या साइट जास्तीचे पैसे उकळतात. गॉटहार्ड बोगदा विन्येटमध्येच येतो, ग्रेट सेंट बर्नार्ड बोगद्याचा टोल मात्र वेगळा. झुरिकलाच गाडी घेतलीत तर विन्येट आधीच असते.

आणि हो, तिथे मोटरवेच्या पाट्या हिरव्या, निळ्या नव्हेत.