पोरीचे पिवळे गमबूट, दोन महिने वापरून

मुलगी साडेतीन वर्षांची. मागच्या पावसाळ्यात ताप-सर्दीच्या भीतीने तिला जवळपास घरातच ठेवलं होतं, आणि झालं काय तर दुपारची झोप गेली आणि टीव्ही बंद केला की भोकाड सुरू. यंदा ठरवलं, पाऊस असो नसो रोज खाली न्यायचंच. डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानातून ३५० रुपयांना रबरी गमबूट घेतले.

वाढतं अंग म्हणून आधी दोन नंबर मोठे घेतले, ती माझी चूक, दोनदा तोंडावर पडली बिचारी. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिले. पुढे बोटभर जागा पुरे. वरच्या दोन कड्या धरून ती स्वतःच घालते, डावा-उजवा कळावा म्हणून एक स्टिकर मधोमध कापून दोन्ही बुटांत अर्धा अर्धा चिकटवलाय. आतलं कापडी अस्तर मात्र भिजलं की दीड दिवस सुकत नाही, पेपरचे बोळे कोंबावे लागतात.

बिल्डिंगच्या मागे मातीचा तुकडा आहे. पहिले दोन दिवस ही नुसती काठावर उभी, तिसऱ्या दिवशी पाय चिखलात रुतला, ओढला तर पचाक् असा आवाज आला, मग पंधरा मिनिटं तेच! आता पाण्यात पान सोडते, ते अडलं की बोटाने चिखलात वाट करून देते, मी मध्ये बोलले तर हात झटकते. जिना न धरता उतरायला लागलीये ती याच दोन महिन्यांत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलांची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० तरी चांगली दमवणारी. वन बीएचकेत कुठे दमणार पोर? शिवाय बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागायचा धोका कमी होतो, आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

फक्त रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात अजिबात सोडू नका, त्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होऊ शकतो. पायाला जखम असेल तर चिखल पण नको, आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवायचेच.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या अस्तराचा कापला.