नागपुरात एमबीए करायचं का पीजीडीएम?
एमबीए म्हणजे विद्यापीठाची डिग्री, आपल्याकडे नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांत सीईटीवर अ‍ॅडमिशन होते आणि फी तुलनेने कमी. पीजीडीएम हा एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेचा मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा, काटोल रोडवरच्या आयएमटीसारख्या संस्था सिलॅबस स्वतःच ठरवतात म्हणून मार्केट बदललं की तोही लवकर बदलता येतो, पण फी बघून घरच्यांना घाम फुटतो. पुढे पीएचडी करायचीय तर त्या पीजीडीएमला एआययूची (भारतीय विद्यापीठांची संघटना) समकक्षता, म्हणजे एमबीएच्या बरोबरीची मान्यता, आहे का ते आधी तपासा बरं, हे हमखास राहून जातं. मिहानमधल्या आयआयएमचं वेगळं, २०१७ च्या कायद्यामुळे तिथे एमबीए डिग्रीच मिळते. माझं विचाराल तर मोठं कर्ज काढून साध्या पीजीडीएमला जाऊ नका, सीईटी नीट द्या अन् कॉलेजात जाऊन सीनियर्सना प्लेसमेंटचं खरं काय ते विचारा.