टॅबलेटवर मराठी लेखांचं संपादन: आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने माझं संपादनाचं बहुतेक काम टॅबलेटवर चाललंय. अकरा इंची स्क्रीन, जोडीला ब्लूटूथ कीबोर्ड आणि जवळपास सगळ्या फाइली गूगल डॉक्समध्ये. कोऱ्या पानावर लांबलचक लिहायला मी आजही लॅपटॉपच घेतो. दुसऱ्याचा लेख तपासायचा असेल तर मात्र टॅबलेटच हवा. पान उभं धरता येतं, एका नजरेत पूर्ण परिच्छेद दिसतो आणि कुठलं वाक्य उगाच लांबलंय ते चटकन कळतं.

तपासताना ‘बदल सुचवा’ हा पर्याय आधी चालू करायचा. अॅपमध्ये तो तीन ठिपक्यांच्या मेनूत आहे, त्यामुळे पहिले काही दिवस माझ्या लक्षातच येत नसे. तो चालू असला की आपण खोडलेला शब्द रेघ मारलेला दिसत राहतो आणि ठेवायचा की नाही ते लेखक ठरवतो. बंद असला तर मूळ मजकूरच बदलतो. लेखकाच्या वाक्याला त्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये असं मी मनापासून मानतो, म्हणून आता फाइल उघडली की पहिलं काम तेच.

खरी कसोटी देवनागरीची. ‘दुसऱ्या’मधलं शेवटचं अक्षर चुकलंय समजा. बाणाच्या कळीने कर्सर अख्ख्या ‘ऱ्या’वरून उडी मारतो, पण बॅकस्पेस दाबलं की आधी काना जातो, मग य, मग हलन्त (पाय मोडल्याची खूण), मग ऱ. चार वेळा दाबल्यावर अक्षर पूर्ण पुसलं जातं. बोटाने नेमका अनुस्वार गाठणं तर विसराच. कर्सर शब्दाच्या शेवटी ठेवून मागे येणं जास्त सोपं.

याच ‘ऱ्या’ने आणखी एक धडा दिला. दोघांनी मिळून लिहिलेल्या एका लेखात ‘दुसऱ्या’ शोधलं, तर डोळ्यांना दिसणाऱ्या जागांपैकी निम्म्याच सापडल्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या सामायिक पद्धतीत, हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधणाऱ्या यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. ज्याच्या कीबोर्डवर जी तऱ्हा, ती लेखात उतरते. आता मी लेखातूनच शब्द कॉपी करून दोन्ही रूपं शोधतो.

वर्डच्या फाइली उघडतात, पण मूळ फॉन्ट टॅबलेटवर नसला तर ओळी सरकतात आणि तक्ते पुढच्या पानावर जातात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावाच लागतो. पानांची अंतिम मांडणी मी टॅबलेटवर करतच नाही.

सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो तिसऱ्या महिन्यात. त्या दिवशी मी दुसऱ्याच एका ऑनलाइन संपादन-साधनात, ब्राउझरच्या टॅबमध्ये काम करत होतो. प्रवासात रेंज गेली, तरी टाइप होत होतं म्हणून मी चाळीस मिनिटं तपासत राहिलो. मग एक फोटो बघायला दुसरं अॅप उघडलं. परत आलो तर टॅबलेटने मेमरी मोकळी करण्यासाठी तो टॅब बंद केला होता; पान नव्याने लोड व्हायला बघत होतं आणि रेंज नव्हतीच. घरी येऊन पाहिलं, तर एकही दुरुस्ती सर्व्हरपर्यंत पोचली नव्हती. लेखकाला दुसऱ्या दिवशीचा शब्द दिला होता, तेव्हा रात्री बसून सगळं पुन्हा केलं.

तेव्हापासून प्रवासातलं काम ब्राउझरमध्ये नाही, अॅपमध्येच. निघण्याआधी त्या-त्या फाइलवर ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ चालू करतो, टॅबलेट विमान मोडवर टाकतो, फाइल उघडून एक शब्द टाइप करून बघतो आणि मगच पिशवीत ठेवतो.