इम्प्लांट नियोजनाचे सॉफ्टवेअर निवडताना: जुळवणी कशी तपासता येते आणि फाइल कुठे जाते

दंत इम्प्लांटच्या (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाच्या) नियोजनाची प्रमुख सॉफ्टवेअर शेजारी शेजारी उघडून पाहिली, तर पहिल्या नजरेत त्यांच्यात फारसा फरक जाणवत नाही. प्रत्येकात सीबीसीटीचे, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनचे, आडवे-उभे छेद दिसतात, जबड्याच्या कमानीवर रेषा ओढली की पॅनोरमा तयार होतो, खालच्या जबड्यातील नसेचा मार्ग रंगवता येतो, यादीतून इम्प्लांट निवडून हाडात ठेवता येते आणि ते नसेच्या फार जवळ गेले की पडद्यावर इशारा उमटतो. विक्रेते प्रात्यक्षिकात हेच सारे दाखवतात, त्यामुळे केवळ प्रात्यक्षिकावरून निवड केली तर ती बहुधा पडद्यावरच्या देखणेपणावर होते. माझ्या मते निवड दोन गोष्टींवर व्हावी. सीबीसीटी आणि तोंडाचा स्कॅन एकमेकांवर बसवण्याची जुळवणी सॉफ्टवेअर किती बारकाईने तपासू देते, ही पहिली. आणि तयार झालेले नियोजन, तसेच गाइडची (शस्त्रक्रियेत ड्रिलला दिशा देणाऱ्या, छापून घेतलेल्या साच्याची) फाइल, त्याच्याबाहेर किती मोकळेपणाने नेता येते, ही दुसरी.

जुळवणीचे महत्त्व आधी नीट मांडले पाहिजे, कारण बहुतेक तुलनांमध्ये ते एका ओळीत उरकले जाते. सीबीसीटीत हाड चांगले दिसते, पण दातांचा पृष्ठभाग आणि हिरडी नेमकी दिसत नाही. इंट्राओरल, म्हणजे तोंडाच्या आतून घेतलेल्या, स्कॅनमध्ये दात व हिरडी अचूक येतात, पण हाडाचा पत्ता नसतो. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या स्वरूपातील पहिली माहिती आणि एसटीएल या त्रिमितीय पृष्ठभागाच्या फाइल-स्वरूपातील दुसरी, दोन्हींतील समान दातांच्या आधारे एकत्र बसवली जाते. गाइड दातांवर टेकते, म्हणजे ते स्कॅनवरून बनते, तर इम्प्लांटची जागा हाडावरून ठरलेली असते. त्यामुळे या दोहोंच्या जुळवणीत राहिलेली चूक जशीच्या तशी शस्त्रक्रियेत उतरते, आणि गाइड दातांवर अगदी घट्ट बसले तरी ड्रिल भलत्याच जागी जाऊ शकते. तोंडात धातूचे क्राउन (दातांवरच्या टोप्या) असतील तर सीबीसीटीत पट्टे उमटतात आणि दातांच्या कडा पुसट होतात, रुग्ण किंचित हलला तर त्या दुहेरी दिसतात, आणि नेमक्या अशाच वेळी आपोआप जुळवणी करणारे बटण सर्वांत आत्मविश्वासाने चुकते.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात स्थिर गाइडच्या साहाय्याने बसवलेल्या इम्प्लांटमधील सरासरी विचलन प्रवेशबिंदूपाशी 1.2 मिमी, टोकापाशी 1.4 मिमी आणि कोनात 3.5 अंश इतके आढळले होते. ही सरासरी आहे, म्हणजे काही रुग्णांत विचलन याहून जास्त होते. नसेपासून किमान 2 मिमी, शेजारच्या दातापासून 1.5 मिमी आणि दोन इम्प्लांटमध्ये 3 मिमी अंतर राखण्याचा जो प्रघात आहे, त्याच्याशेजारी हे आकडे ठेवले की सुरक्षिततेसाठी सोडलेली जागा किती झपाट्याने संपते ते समजते. इशारा देण्याचे अंतर वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येते का, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

सॉफ्टवेअर एकमेकांशेजारी

कोडायग्नोस्टिक्स हे स्ट्रॉमन समूहातील डेंटल विंग्ज या कंपनीचे सॉफ्टवेअर आहे. स्ट्रॉमनने डेंटल विंग्जची संपूर्ण मालकी 2017 मध्ये घेतली, पण सॉफ्टवेअरची इम्प्लांट यादी स्ट्रॉमनपुरती मर्यादित नाही. इतर अनेक उत्पादकांची इम्प्लांट आणि स्लीव्ह (गाइडमधल्या, ड्रिल ज्यातून जाते त्या नळ्या) त्यात आहेत. जुळवणीनंतर स्कॅनची बाह्यरेषा प्रत्येक छेदात सीबीसीटीवर पाहता येते, आणि शस्त्रक्रियेनंतरचा स्कॅन मूळ नियोजनावर बसवून प्रत्यक्ष विचलन मोजण्याची सोय त्यात आहे. ही दुसरी सोय मला फार मोलाची वाटते. आपले गाइड प्रत्यक्षात किती चुकते हे स्वतःच्याच कामावरून समजण्याचा याहून प्रामाणिक मार्ग नाही. शिकायला मात्र ते सोपे नाही. पर्याय पुष्कळ असल्यामुळे महिन्यातून एखादे गाइड करणाऱ्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी पुन्हा सुरुवातीपासून आठवावे लागते.

डीटीएक्स स्टुडिओ इम्प्लांट हे नोबेल बायोकेअरच्या घरातले. पूर्वी ते नोबेलक्लिनिशियन या नावाने ओळखले जात असे. मांडणी शांत आणि सुसूत्र आहे, विंडोजबरोबर मॅकवरही चालते, आणि संपूर्ण दंतहीन रुग्णासाठी दुहेरी स्कॅनची जी पद्धत या कंपनीने रुजवली ती अजूनही विश्वासार्ह आहे: खुणा बसवलेली कवळी तोंडात ठेवून एक स्कॅन, मग त्याच कवळीचा स्वतंत्र दुसरा स्कॅन, आणि यंत्राचे मोजमाप बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी एका प्रमाणित वस्तूचाही स्कॅन. दंतहीन जबड्यात जुळवणीसाठी दातच नसतात, त्यामुळे अशा रुग्णांचे काम जास्त असेल तर या सॉफ्टवेअरचा विचार आधी करावा. नोबेलचीच इम्प्लांट वापरणाऱ्यांना त्याचा पूर्ण लाभ मिळतो. दोन-तीन कंपन्यांची इम्प्लांट वापरणाऱ्याने मात्र आपल्या गाइड किटचा तपशील यादीत आहे की नाही हे आधी पाहावे, कारण इम्प्लांटचे नुसते चित्र यादीत असणे आणि त्याचे स्लीव्ह, ड्रिलची लांबी व क्रम यादीत असणे यांत मोठे अंतर आहे.

थ्रीशेपचे इम्प्लांट स्टुडिओ आणि एक्सोकॅडचे एक्सोप्लॅन यांची तुलना एकत्रच करावी, कारण दोन्हींचे बळ एकाच दिशेचे आहे: आधी दात कुठे हवा ते ठरवायचे आणि मग त्याला साजेशी इम्प्लांटची जागा शोधायची. कोपनहेगनच्या थ्रीशेपचा ट्रायोस स्कॅनर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी इम्प्लांट स्टुडिओत स्कॅनपासून गाइडपर्यंतचा प्रवास जवळजवळ अखंड होतो आणि पायरीपायरीने पुढे नेणारी रचना नवख्यालाही सांभाळून घेते. त्याच रचनेची मर्यादा अशी, की मधल्या एखाद्या पायरीवर काही बदलायचे असले तर मागे जावे लागते. डार्मस्टाट येथील एक्सोकॅडचे एक्सोप्लॅन लॅबच्या मनाला जास्त रुचते. क्राउनची रचना ज्या सॉफ्टवेअरमध्ये होते त्याच्याशी ते थेट जोडलेले आहे, त्यामुळे तात्पुरता दात शस्त्रक्रियेआधीच तयार ठेवता येतो. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की नियोजनाचा भाग आणि गाइड घडवण्याचा भाग वेगवेगळे विकत घ्यावे लागतात. पहिल्याच्या किमतीवर खूश होऊन नंतर दुसऱ्यासाठी धावपळ करणाऱ्या लॅब मी पाहिल्या आहेत. परवान्याच्या बाबतीत एक्सोकॅडकडे कायमस्वरूपी परवान्याचा पर्याय आहे, तर थ्रीशेपचा भर वार्षिक शुल्कावर आहे. पाच वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय यांतले स्वस्त कोणते ते सांगता येत नाही.

ब्लू स्काय प्लॅनची गोष्ट वेगळी आहे. ते उतरवून घेणे आणि त्यात नियोजन करणे विनामूल्य आहे. पैसे लागतात ते गाइडची फाइल छपाईसाठी बाहेर काढताना. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते, इम्प्लांटची यादी मोठी आहे आणि यादीत नसलेले इम्प्लांट किंवा स्लीव्ह मापे भरून स्वतः तयार करता येते. ज्यांना अजून आपण वर्षाला किती गाइड करू याचा अंदाज नाही, त्यांच्यासाठी ही व्यवस्था न्याय्य आहे. पण मोकळीक जितकी जास्त, तितकी जबाबदारीही आपलीच. स्लीव्हचे माप अर्ध्या मिलिमीटरने चुकीचे भरले तर ते कोणी थांबवत नाही, आणि स्लीव्हची उंची चुकली की ड्रिल ठरलेल्या खोलीपेक्षा तेवढेच जास्त किंवा कमी खोल जाते. विनामूल्य आहे म्हणून ते दुय्यम आहे, असा समज मी खोडून काढू इच्छितो. नियमित सराव असलेल्या हातात ते महागड्या सॉफ्टवेअरइतकेच भरवशाचे ठरते.

शस्त्रक्रियेच्या वेळी गाइडऐवजी कॅमेऱ्याच्या मदतीने ड्रिलचा माग ठेवणाऱ्या एक्स-गाइड किंवा नॅव्हिडंट यांसारख्या यंत्रणा हा स्वतंत्र विषय आहे. पुढे कधी त्या वाटेने जाण्याचा विचार असेल तर नियोजन त्या यंत्रणेत नेता येते का, एवढे आजच विचारून ठेवावे.

ज्या सोयींना भुलू नये

अनेक सॉफ्टवेअर हाडाची घनता रंगांमध्ये दाखवतात आणि त्यासोबत आकडेही देतात. साध्या सीटीत या आकड्यांना प्रमाणित अर्थ असतो. सीबीसीटीत करड्या छटा यंत्रागणिक, इतकेच नव्हे तर एकाच स्कॅनमध्ये जागेगणिकही बदलतात, त्यामुळे त्या रंगांवरून इम्प्लांटला किती घट्ट पकड मिळेल याचा निष्कर्ष काढू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेने नसेचा मार्ग आपोआप ओढणे ही मात्र खरोखर वेळ वाचवणारी सोय आहे आणि ती मला हवी आहे, फक्त तिचे काम छेदाछेदाने तपासल्यानंतर. हनुवटीच्या छिद्रापाशी नस पुढे जाऊन मागे वळते, ते वळण आणि क्वचित आढळणारी दुभंगलेली नळी, या दोन्ही ठिकाणी आपोआप ओढलेली रेषा हातांनी दुरुस्त करता आली पाहिजे. दुरुस्ती करू न देणारे सॉफ्टवेअर मी घेणार नाही.

संशोधनासाठी मोफत मिळणारे थ्रीडी स्लायसर काही जण नियोजनाला वापरतात. ते उत्तम साधन आहे, पण त्याचे निर्मातेच स्पष्ट सांगतात की वैद्यकीय उपचारासाठी त्याला मान्यता नाही. युरोपात 2017/745 हा वैद्यकीय उपकरणांचा नियम 26 मे 2021 पासून लागू आहे आणि अमेरिकेत एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेची परवानगी लागते. नियोजनाचे सॉफ्टवेअर या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय उपकरणात मोडते.

मालक बदलतात

फायली बाहेर नेता येण्यावर मी इतका भर का देतो, त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत आहे. नोबेल बायोकेअर 2014 मध्ये डॅनाहरकडे गेली आणि 2019 मध्ये डॅनाहरपासून वेगळ्या झालेल्या एन्व्हिस्टात आली. एक्सोकॅड 2020 मध्ये अलाइन टेक्नॉलॉजीने विकत घेतली. डेंट्सप्लाय आणि सिरोना 2016 मध्ये एक झाल्या. मालक बदलला की नाव, शुल्क आणि सोबत चालणाऱ्या यंत्रांची यादी बदलू शकते, पण आपल्या रुग्णाचे इम्प्लांट मात्र दहा-पंधरा वर्षांनीही त्याच्या तोंडात असते आणि त्याचे मूळ नियोजन तेव्हाही उघडता आले पाहिजे. म्हणून निदान मूळ डायकॉम, जुळवणीनंतरचा स्कॅन, गाइडची एसटीएल फाइल आणि ड्रिलच्या क्रमाचा छापील अहवाल, इतके तरी प्रत्येक रुग्णामागे सॉफ्टवेअरच्या बाहेर साठवता येते का ते पाहावे. सारे काही कंपनीच्याच क्लाउडवर राहत असेल, तर शुल्क थांबल्यावर त्या नोंदींचे काय होते हे लेखी विचारावे.

कोणी काय घ्यावे

वर्षाला मोजकीच गाइड करणाऱ्या एकट्या डॉक्टरांनी मला विचारले, तर मी ब्लू स्काय प्लॅन सुचवेन, किंवा मग नियोजन एखाद्या चांगल्या लॅबकडे सोपवून स्वतः फक्त तपासण्याचे आणि मंजुरी देण्याचे काम करावे, असे सांगेन. हा दुसरा मार्ग कमीपणाचा नाही. रोज हेच काम करणाऱ्या तंत्रज्ञाची नजर जुळवणीत आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. स्वतःचा ट्रायोस आणि छपाई यंत्र असलेल्या दवाखान्याला इम्प्लांट स्टुडिओ सोयीचे पडेल, क्राउनही स्वतः घडवणाऱ्या लॅबला एक्सोप्लॅन. अनेक डॉक्टरांची, अनेक कंपन्यांच्या इम्प्लांटची आणि अवघड रुग्णांची कामे एकाच ठिकाणी येत असतील तर कोडायग्नोस्टिक्सचा त्रास सोसण्यासारखा आहे.

विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या नमुना रुग्णाऐवजी आपला स्वतःचा, दोन-तीन धातूचे क्राउन असलेला जुना रुग्ण घेऊन बसावे. त्याची जुळवणी आपल्यासमोर करायला सांगावी, आपोआप जुळवणीनंतर प्रत्येक छेदात दातांच्या कडा किती सरकल्या आहेत ते पाहावे, त्या हातांनी दुरुस्त करून घ्याव्यात, गाइड तयार करून त्याची फाइल बाहेर काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवायला सांगावे. या कामाला सुमारे दोन तास लागतात.